६१ खाटांचा वाडा: धोकादायक इमारत रिकामी करण्याचं एक प्रकरण

हे प्रकरण २०२४च्या पावसाळ्यातलं आहे. राज्यातल्या एका महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात मी तेव्हा उपअभियंता होतो आणि ही फाइल पहिल्या दिवसापासून माझ्याच टेबलावर होती. शहराचं, पेठेचं आणि माणसांचं नाव देत नाही, ओळख पटू नये म्हणून काही बारकावेही बदलले आहेत. निर्णय मात्र झाले तसेच लिहिले आहेत, चुकांसकट.

पार्श्वभूमी

वाडा सव्वाशे वर्षांपलीकडचा. दिंडी दरवाजा, देवडी, मधे चौक, चौकाच्या भोवतीने ओसरी आणि खोल्या, वर दोन मजले. सांगाडा सागवानी, भिंती विटांच्या आणि पांढऱ्या मातीच्या. मागच्या अंगाला तळघर, पूर्वी धान्य आणि सरपण ठेवायचं. वर जायला एकच लाकडी जिना, रुंदी अडीच फूट. दोन माणसं समोरासमोर आली की एकाने भिंतीला चिकटून उभं राहायचं.

मालकी तीन चुलतभावांची. वाटणीचा दावा दिवाणी न्यायालयात कित्येक वर्षं पडून, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा हा प्रश्न निघाला की तिघंही गप्प. तळमजल्यावर तीन जुने भाडेकरू: पुढच्या अंगाला एक बाइंडिंगवाले आणि एक मेस चालवणाऱ्या ताई, मागच्या अंगाला ऐंशी ओलांडलेल्या एक आजी. आजींचं भाडं महिना ६४ रुपये. भाडेपावत्यांचा गठ्ठा त्यांनी लग्नातल्या शालूत गुंडाळून ठेवलेला.

वरचे दोन मजले चुलतभावांपैकी एकाने २०१६ सालापासून एका चालकाला, म्हणजे खोल्या चालवायला घेणाऱ्या माणसाला, दिले होते. त्याने तिथे कॉट बेसिसवर, म्हणजे खोली नाही तर एकेक खाट भाड्याने देऊन, मुलं ठेवायला सुरुवात केली. मुलं स्पर्धा परीक्षेची, बहुतेक मराठवाडा आणि विदर्भातली, बाप शेती करणारा किंवा मजुरी करणारा. खाटेमागे महिना २,२०० रुपये आणि तेवढंच डिपॉझिट. करार नाही, पावती नाही, पैसे फोनवरून पाठवायचे. मुलं चालकाला ‘काका’ म्हणायची. तळघरात त्यानेच अभ्यासिका काढली होती, चाळीस खुर्च्यांची.

खाटा एका दिवसात ६१ झाल्या नाहीत. हा भाग मला नंतर, मुलांशी बोलल्यावर कळला. राज्यसेवेची पूर्व परीक्षा आधी २८ एप्रिलला होती, ती ६ जुलैला गेली आणि मग २५ ऑगस्टला. एप्रिलनंतर खोली सोडून गावी जाणारी मुलं गेलीच नाहीत. तेवढ्यात जूनमध्ये पदवी झालेली नवी मुलं शहरात आली. चालकाने नवी खोली घेतली नाही, साध्या खाटा काढून दुमजली लोखंडी खाटा टाकल्या. चार महिने पैसे पाठवून घरचे थकले होते. मुलंही स्वस्त जागाच शोधत होती, म्हणून कुणी तक्रार केली नाही. कॉट बेसिसच्या गर्दीमागे घरमालकाचा लोभ असतो हे खरं, पण त्या वर्षी परीक्षेचं वेळापत्रकही त्या गर्दीला तितकंच जबाबदार होतं. आमच्या एकाही अहवालात ते आलं नाही.

अडचण

२७ जुलैला दिल्लीत जुन्या राजेंद्रनगरमध्ये कोचिंग क्लासच्या तळघरातल्या वाचनालयात पाणी शिरून तीन विद्यार्थी गेले. दोन दिवसांत आमच्याकडे आदेश आला: हद्दीतल्या सगळ्या तळघरांची तपासणी करा. ३० जुलैला मी, एक कनिष्ठ अभियंता आणि अग्निशमन दलाचे एक अधिकारी या वाड्यात पोचलो ते फक्त तळघर बघायला.

तळघराचा निर्णय पाच मिनिटांत झाला. एक दरवाजा, एकही खिडकी नाही, भिंतीला ओल, त्याच भिंतीवर विजेचा बोर्ड. मंजूर वापर साठवणीचा. अभ्यासिका त्याच संध्याकाळी बंद करून सील केली.

बाहेर निघताना मेसवाल्या ताई म्हणाल्या, “साहेब, खाली बघितलंत, आता वर पण जाऊन या.” त्या तसं म्हणाल्या नसत्या तर मी गेलो नसतो.

दुसऱ्या मजल्यावर दहा बाय अकराच्या खोलीत तीन दुमजली खाटा. सहा मुलं, माणशी अठरा चौरस फूट. खाटांच्या मधल्या पट्टीत पत्र्याच्या ट्रंका, वर दोरीवर ओले कपडे, भिंतीवर नकाशे आणि कलमांच्या याद्या. दोन्ही मजल्यांवर मिळून अकरा खोल्या, ६१ खाटा, दोन संडास, दोन मोऱ्या. सकाळी पाचपासून संडासाला नंबर लावायचे, त्यासाठी जिन्याच्या कठड्याला वही टांगलेली.

दोन मजल्यांचं क्षेत्र सुमारे २,६०० चौरस फूट, म्हणजे २४० चौरस मीटरच्या आसपास. राष्ट्रीय इमारत संहितेत सामूहिक निजण्याच्या जागेला माणशी किमान साडेसात चौरस मीटर एकूण क्षेत्र धरतात. त्या हिशेबाने इथे ३२ माणसं राहायला हवीत. नेहमीच्या निवासी वापराचा साडेबाराचा आकडा लावला तर १९.

त्याहून वाईट गोष्ट मला खोलीच्या कोपऱ्यात दिसली. दुसऱ्या मजल्यावरची मागची मोरी मूळ वाड्यात नव्हतीच, चालकाने नंतर केलेली. तिचं पाणी फरशीखालून झिरपून तुळईच्या टोकाला लागत होतं. पेचकस टेकवला तर लाकडात दोन इंच आत गेला. सागवान एरवी इतक्या सहज पेचकस घेत नाही. बाहेरच्या अंगाला त्याच रेषेत भिंतीला पोट आलेलं. आणि या सगळ्याच्या डोक्यावर गच्चीत दोन हजार लिटरची प्लास्टिकची टाकी.

ऑफिसात येऊन जुनी फाइल काढली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली या वाड्याला सलग सहा वर्षं मे महिन्यात नोटीस गेली होती. ‘आपली इमारत धोकादायक स्थितीत असून तातडीने दुरुस्त करावी अथवा उतरवून घ्यावी.’ दर वर्षी तोच मजकूर, फक्त तारीख नवी. सहापैकी दोन नोटिसांवर सही माझी. सहाही वेळा आमचा माणूस देवडीत नोटीस चिकटवून, फोटो काढून परत आलेला. जिना कुणी चढलं नव्हतं. वर किती माणसं झोपतात हे त्या फाइलमध्ये एकाही कागदावर नव्हतं. नमुन्यात तो रकानाच नव्हता.

समोरचे पर्याय

३१ जुलैला सहायक आयुक्तांच्या दालनात बैठक झाली. अग्निशमन दल, विधी विभाग, करसंकलन, आम्ही आणि पोलीस ठाण्याचे एक निरीक्षक.

पहिला पर्याय सहायक आयुक्तांनीच मांडला: कलम २६८ खाली पूर्ण वाडा रिकामा करण्याचा आदेश काढायचा, पोलीस बंदोबस्त घ्यायचा, दोन तासांत काम संपवायचं. दिल्लीनंतरच्या त्या दिवसांत हा विचार मनात येणं स्वाभाविक होतं. उद्या काही घडलं तर पहिला प्रश्न आम्हालाच विचारला जाणार होता. पण ६१ मुलं आणि तीन जुनी कुटुंबं संध्याकाळी सहा वाजता पावसात कुठे जाणार, याचं उत्तर खोलीतल्या कुणाकडे नव्हतं.

दुसरा पर्याय अग्निशमन अधिकाऱ्यांचा. २००६च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमात, जिवाला तातडीचा धोका दिसला तर जागा रिकामी करून सील करता येते, वीज-पाणी तोडता येतं. तो कायदा वापरायचा तर वापर काय लिहायचा, इथे अडलं. कराच्या नोंदीत वाडा ‘निवासी’ होता. निवासी म्हटलं तर एवढ्या कमी उंचीच्या इमारतीला आगीच्या फारशा अटी लागू होत नाहीत. ‘वसतिगृह’ म्हटलं तर एकूण एक गोष्ट बेकायदा ठरत होती, पण मग इतकी वर्षं निवासी दराने कर का घेतला हा प्रश्न उभा राहत होता. करसंकलनाचे अधिकारी त्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत.

तिसरा पर्याय विधी अधिकाऱ्यांचा: संरचनात्मक तपासणी करून घ्या, अहवाल येऊ द्या, तोवर नोटीस. तीस वर्षांवरच्या इमारतीची अशी तपासणी मालकाने करून घ्यायची असते, कलम २६५ अ तेच सांगतं. अहवालाशिवाय जुन्या भाडेकरूंना हलवलं तर न्यायालयात आदेश टिकणार नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर होतं. मात्र अहवालाला दोन आठवडे लागणार होते आणि तुळईचं टोक मी माझ्या हाताने तपासलं होतं.

मी चौथा मार्ग सुचवला. वाडा एक आहे असं न धरता त्याचे तुकडे करायचे. दुसरा मजला पूर्ण, ४८ तासांत रिकामा. पहिल्या मजल्यावरच्या मागच्या दोन खोल्याही. पहिल्या मजल्याचा पुढचा भाग ठेवायचा, पण तिथे १६ खाटांच्या वर एकही नाही. गच्चीतली टाकी त्याच दिवशी रिकामी. मागच्या अंगाला लोखंडी टेकू. आणि मालकांच्या खर्चाने तपासणी तातडीने.

१६चा आकडा मी संहितेच्या साडेसात चौरस मीटरवरून काढला होता. संहितेचा हा आकडा आगीच्या वेळी किती माणसं बाहेर काढायची याच्या हिशेबासाठी आहे, गर्दी कमी करण्याच्या आदेशासाठी नाही. विधी अधिकाऱ्यांनी तसं बोलूनही दाखवलं. माझं म्हणणं एवढंच होतं की चालकाने उद्या विचारलं, ‘सोळाच का, वीस का नाही?’ तर सांगायला काहीतरी मोजमाप हवं. माझ्या नोकरीत आम्ही भिंती, छज्जे, वाढीव बांधकाम सगळं मोजलं होतं. खोलीत माणसं किती, या मुद्द्यावर आदेश काढायची ती माझी पहिली वेळ.

बैठक चालू असतानाच खाली दहा-बारा मुलं येऊन उभी राहिली. त्यांच्यातला एक, चौथ्यांदा परीक्षेला बसणारा, एवढंच म्हणाला, “सर, पंचवीस तारखेपर्यंत राहू द्या. सव्वीसला आम्ही स्वतः ट्रंका उचलतो.”

या प्रकरणातला सगळ्यात अवघड क्षण तोच. पंचवीस दिवसांचा प्रश्न होता आणि मागणी रास्त होती. सहायक आयुक्तही क्षणभर विरघळले, मला विचारलं, “टेकू लावले तर पंचवीस दिवस निघतील?” निघाले असते की नाही, मला आजही सांगता येत नाही. मी नाही म्हणालो. पाऊस ऑगस्टचा होता आणि त्या तुळईवर तीस मुलं झोपत होती. टेकू खालून आधार देतो, पण भिंतीला पोट आलं असेल तर ती बाहेरच्या बाजूला जाते, तिथे टेकूचा उपयोग नाही. शेवटी चौथा मार्ग ठरला.

काय केलं

१ ऑगस्टला खाटांची आणि नावांची यादी करायला आम्ही वर गेलो. चालकाच्या वहीत ३८ नावं होती, हजर मुलं ५२. बाकीचे नऊ गावी. एकाच्या घरी फवारणी चालू होती, एकाची बहीण दवाखान्यात, कुणी पैसे आणायला गेलेलं. यादी हजर असलेल्यांची झाली.

जागेचा प्रश्न अनपेक्षित ठिकाणाहून सुटला. शाळा चालू होत्या, सरकारी वसतिगृहं भरलेली. बाइंडिंगवाले म्हणाले, “मंगल कार्यालयं रिकामी असतील की. आता कार्तिकापर्यंत लग्नं कुठली?” चातुर्मास लागला होता. चार गल्ल्या पलीकडच्या एका कार्यालयाच्या मालकांना जाऊन भेटलो. संडास-बाथरूम भरपूर, मोठा हॉल, गाद्यासुद्धा. त्यांनी २६ ऑगस्टपर्यंत मोफत दिलं, विजेचं बिल मुलांनी वाटून घ्यायचं. हलवायच्या ४५ मुलांपैकी २६ जणांनी तिथे यायचं ठरवलं. बाकीच्यांनी मित्रांकडे सोय लावली, काही गावी गेले.

२ ऑगस्टला दुपारी दोनपासून सामान उतरवायला लागलो. जिना अरुंद, म्हणून एका वेळी एकच ट्रंक. आमचे बिगारी आणि मुलं मिळून सहा तास लागले. पोलीस होते, पण चौकात खुर्ची टाकून बसण्यापलीकडे त्यांना काम पडलं नाही. दुसऱ्या मजल्याला कुलूप लावून सील केलं.

डिपॉझिटचं घोडं अडलं. चालक म्हणाला, महिना पूर्ण होण्याआधी मुलं गेली, पैसे परत नाहीत. डिपॉझिट परत करायला लावण्याचा अधिकार महापालिकेला नाही. मुलांकडे करार नव्हता, फक्त फोनवरच्या व्यवहारांच्या नोंदी. त्या नोंदींचे फोटो घेऊन आम्ही प्रत्येकाचा जबाब कागदावर उतरवला आणि तो गठ्ठा तिन्ही चुलतभावांपुढे ठेवला. एकमेकांशी बोलणं सोडलेले ते तिघं या एका मुद्द्यावर एकत्र आले, कारण आपल्या वाड्यातून खाटांमागे महिना १,३४,२०० रुपये निघत होते हे त्यातल्या दोघांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यांनी चालकावर दबाव आणला. ४५पैकी ३१ मुलांना पैसे मिळाले, १४ जणांना नाही.

५ ऑगस्टला, श्रावणी सोमवारी, गावी गेलेल्या नऊ जणांपैकी एक परत आला. दुसऱ्या मजल्याला सील. ट्रंक आत, ट्रंकेत जातवैधता प्रमाणपत्र, दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका आणि तीन वर्षांच्या हाताने काढलेल्या नोट्स. सील काढायला सहायक आयुक्तांचा लेखी आदेश, पंच, पंचनामा आणि आत जाणं सुरक्षित आहे असा माझा दाखला, एवढं लागतं. मी दाखला लगेच दिला. आदेश यायला सहा दिवस गेले. ते सहा दिवस तो मुलगा सकाळी दहाला आमच्या ऑफिसच्या पायरीवर येऊन बसायचा. ओरडला नाही, अर्ज घेऊन आला नाही, नुसता बसायचा. परीक्षेला वीस दिवस राहिले असताना त्याचे सहा दिवस आम्ही खाल्ले. त्याच्यानंतर आणखी तिघांना तेच भोगावं लागलं.

अहवाल १४ ऑगस्टला आला. मागचा भाग सी-१, म्हणजे अतिधोकादायक, रिकामा करून उतरवण्याजोगा. पुढचा भाग सी-२बी, म्हणजे रिकामा न करता दुरुस्त करता येईल असा. वाड्याचे तुकडे करायचा आमचा अंदाज बरोबर निघाला. आजींची दोन खणांची जागा मात्र मागच्या भागात होती.

आजी

आजींकडे मी चार वेळा गेलो. पहिल्या तीन वेळा त्यांनी चहा दिला आणि विषय बदलला. चौथ्या वेळी म्हणाल्या, “बाबा, मी अडाणी नाही. पलीकडच्या वाड्यातले लोक ‘महिन्याभरात परत या’ म्हणून बाहेर काढले, आता तिथे बारा मजले झालेत, त्यातलं एक माणूस मला तिथे दिसत नाही. कागद हातात दे, मग माझा पाटा-वरवंटा उचल.”

त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. इमारत पडली किंवा पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप जात नाही, पण तो किती जागेवर होता हे पाडण्याआधी मोजून ठेवलं नसेल तर नंतर भांडायला हातात काही राहत नाही. म्हणून रिकामं करण्याआधी भाडेकरूंची यादी आणि प्रत्येकाच्या वापरातलं क्षेत्र नोंदवून दाखला द्यायची पद्धत आहे. पद्धत आहे, पण घाईच्या प्रकरणात तिच्याकडेच पहिल्यांदा काणाडोळा होतो. आम्ही फीत घेऊन आजींची जागा मोजली: दोन खण, पुढची ओसरी, मोरी, एकूण २१२ चौरस फूट. मागच्या भिंतीतला देव्हाऱ्याचा कोनाडाही त्यांनी नकाशात दाखवायला लावला. चुलतभावांपैकी दोघांनी लगेच सह्या केल्या. तिसरा नाशिकला होता, त्याची सही आणायला नऊ दिवस गेले. तोवर आजी त्या खोलीतच होत्या, आम्ही रात्री एक सुरक्षारक्षक आणि आत तीन टेकू ठेवले. बैठकीत मी ज्या धोक्याला नाही म्हटलं होतं, तोच आजींच्या बाबतीत नऊ दिवस पत्करला. बरोबर केलं का, या प्रश्नाची दोन उत्तरं माझ्या मनात आहेत आणि दोन्ही खरी वाटतात.

३० ऑगस्टला दाखला हातात घेऊन त्या पुतण्याकडे गेल्या. पाटा-वरवंटा आमच्या जीपमधून.

तारीख सरकली तेव्हा

२५ ऑगस्टलाच बँकभरतीची आयबीपीएसची परीक्षा होती. कृषी सेवेची पदं याच परीक्षेत घ्या ही मागणीही तापली, पुण्यात मुलं रस्त्यावर बसली आणि २२ ऑगस्टला लोकसेवा आयोगाने राज्यसेवा पूर्व पुढे ढकलली. नवी तारीख कोणती, हे कुणालाच माहीत नव्हतं.

आमची सगळी मांडणी पंचवीस तारखेवर टांगलेली होती. मंगल कार्यालय सव्वीसपर्यंत होतं. चालक दुसऱ्याच दिवशी आला: पुढच्या भागाला धोका नाही असं तुमचाच अहवाल म्हणतो, मग तिथे सोळाऐवजी तीस राहू द्या. मुलंही त्याच्याबरोबर होती, आणि त्यांच्या डोळ्यांत मला पहिल्यापेक्षा जास्त थकवा दिसला. भिंत टिकेल, हे चालकाचं म्हणणं खरं होतं. पण दोन संडास, एक जिना आणि विजेच्या त्याच जुन्या तारा तशाच होत्या. सोळाचा आकडा आम्ही सोडला नाही. कार्यालयाच्या मालकांनी गणपतीपर्यंत मुदत वाढवून दिली. ७ सप्टेंबरला गणपती बसले आणि हॉल मंडळाला गेला.

निष्पत्ती

मागचा भाग गणपतीनंतर मजुरांनी हाताने उतरवला. तुळईचं टोक बाहेर काढलं तेव्हा आतून पोकळ होतं, वर सालपटासारखा थर तेवढा राहिलेला. पुढच्या भागाची दुरुस्ती चुलतभावांनी तिघांत खर्च वाटून केली. बाइंडिंगवाले तिथेच आहेत. मेसवाल्या ताईंची ताटं साठावरून वीसवर आली. वर जाऊन बघा असं त्यांनीच सांगितलं होतं, आणि नुकसान सगळ्यात आधी त्यांचं झालं. मदतीची कुठली योजना त्यांच्यापर्यंत पोचते का हे मी पाहिलं, हाती काही लागलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी मी आणि कनिष्ठ अभियंत्याने त्या ४५ मुलांना फोन लावले. हे कुणी सांगितलं नव्हतं, मनात रुखरुख होती म्हणून केलं. ३७ जणांशी बोलणं झालं. सहा जण परीक्षा सोडून गावी गेले होते. चौदा जण शेजारच्या गल्लीतल्या एका तीनमजली घरात होते. संध्याकाळी तिथे गेलो. एका खोलीत आठ. खाटा ओळखीच्या वाटल्या म्हणून विचारलं, तर त्याच होत्या. वाड्यातून काढलेल्या दुमजली खाटा चालकाने तिथे नेऊन टाकल्या होत्या. घर पंधरा वर्षांचं, आरसीसीचं, भिंत-तुळई ठणठणीत. आमच्या धोकादायक इमारतींच्या यादीत ते येणं शक्यच नव्हतं, त्यामुळे कलम २६४ तिथे लागू नाही. वाड्यात माणशी अठरा फूट होते, इथे चौदा निघाले.

परीक्षा अखेर १ डिसेंबरला झाली.

आज वेगळं काय केलं असतं

पहिली गोष्ट, नावांची यादी खाटेवरून केली असती, हजेरीवरून नाही. प्रत्येक खाटेला क्रमांक, त्यावर कोण झोपतं, त्याचा फोन, त्याची ट्रंक कोणती. गावी असलेल्या नऊ जणांना त्याच दिवशी फोन लागला असता, त्यांच्या ट्रंका मित्रांच्या ताब्यात गेल्या असत्या आणि तो मुलगा पायरीवर बसला नसता. यासाठी जास्तीचा पैसा, अधिकार, माणसं काहीच लागलं नसतं. सुचलं नाही, एवढंच.

दुसरी, सील लावतानाच ‘वैयक्तिक सामान काढण्यासाठी अमुक दोन दिवशी, अमुक वेळेत उघडेल’ असं आदेशातच लिहिलं असतं. पुढच्या तीन प्रकरणांत मी ते लिहून घेतलं, विधी विभागाने एकदाही हरकत घेतली नाही.

तिसरी गोष्ट चालकाची. मुलांच्या मागे आम्ही इतके होतो की त्याच्या खाटांकडे बघितलंच नाही. पंचनाम्यात खाटांची नोंद घेतली असती, तो वापर ‘वसतिगृह’ म्हणून कराच्या नोंदीत चढवला असता, तर पुढच्या घरात तोच माणूस तोच धंदा सुरू करताना निदान एक कागद त्याच्या नावावर असता. करसंकलनाने मागची वर्षं उकरायची नाहीत म्हणून तो विषय बाजूला ठेवला आणि मीही आग्रह धरला नाही. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त बोचतं ते हेच.

मंगल कार्यालय परीक्षेच्या तारखेवर न बांधता चातुर्मास संपेपर्यंत मागायला हवं होतं. मालक कदाचित गणपतीचे दिवस वगळून हो म्हणाले असते. मी विचारलंच नाही.

आजींचे नऊ दिवस मी अजून कुठल्याच बाजूला टाकू शकलो नाही. दाखल्याशिवाय त्यांना बाहेर काढणं मला आजही जमणार नाही. मात्र तिसऱ्या सहीसाठी थांबायची गरज होती का, की दोन सह्या आणि आमची मोजणी पुरली असती, हे मी विधी अधिकाऱ्यांना तेव्हाच विचारायला हवं होतं. नंतर विचारलं. ते म्हणाले, पुरली असती.

२०२५च्या मे महिन्यात मान्सूनपूर्व पाहणीच्या नमुन्यात मी हाताने रेघ ओढून एक रकाना वाढवला: ‘रात्री मुक्कामाला असणाऱ्या व्यक्ती’. पाहणी रात्री नऊनंतर करायची असंही ठरवलं. पहिल्या आठवड्यात एकोणीस वाडे झाले. आजींचा अजूनही महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो. मागच्या भागाचा नकाशा मंजूर झाला का विचारतात, आणि ठेवण्याआधी न चुकता एकदा वाचून दाखवतात: दोनशे बारा चौरस फूट, कोनाड्यासकट.